लस : एका झिरपत्या शब्दाची कुळकथा

चंद्रपूर-गडचिरोलीच्या कुठल्याही आठवडी बाजारात पन्नाशी ओलांडलेल्या माणसांच्या हातांकडे पाहावं. बाही जरा वर सरकली की एखादा गोल, खोलगट वण दिसतो. ‘लहानपणी देवी काढल्या होत्या,’ असं उत्तर मिळतं. रोगाचं नाव देवी आणि तो टाळण्यासाठी घेतलेल्या टोचणीचं नावही देवीच. त्या टोचणीतून जे अंगात जाई, ती लस. देवीचा रोग गेला, वण असलेली पिढी म्हातारी होत चालली. लस हा शब्द मात्र दर पिढीत नवा अर्थ घेत राहिला.

जखम चिघळली की तिच्यातून पातळ, चिकट पाणी येतं. ‘जखमेतून लस वाहते’, असं आपण आजही म्हणतो. हा शब्दाचा जुना अर्थ. 1796 साली एडवर्ड जेन्नर यांनी गवळणीच्या हातावरच्या गोदेवीच्या फोडातलं असंच पाणी एका मुलाच्या दंडात घातलं. इंग्रजांनी या उपायाला लॅटिनमधल्या गाईवरून नाव दिलं. मराठी माणसाने ती गाय पाहिली नव्हती. त्याला दिसलं ते फोडातलं पाणी, आणि त्याने तेच नाव दिलं.

1802 मध्ये ही लस बगदाद-बसऱ्यामार्गे मुंबईत आली. बर्फाची पेटी नव्हती, म्हणून माणसाचं शरीर हेच तिचं भांडं. एकाच्या दंडावर फोड आला की त्यातलं पाणी दुसऱ्याच्या दंडात जाई. 14 जून 1802 रोजी मुंबईत अ‍ॅना डस्टहॉल या तीन वर्षांच्या मुलीला लस टोचली गेली. भारतातली ती पहिली यशस्वी टोचणी. पुढे तिच्या दंडातूनच ती लस इतरांपर्यंत गेली.

लस या शब्दाचा संस्कृतातला नातलग म्हणजे लसीका. कुष्ठात त्वचा, मांस, रक्त आणि लसीका बिघडतात, असं चरकसंहिता सांगते. ज्या चंद्रपूर जिल्ह्यात बाबा आमटे यांनी वरोऱ्याजवळ आनंदवन उभं केलं, त्या जिल्ह्याला कुष्ठरोग परका नाही. या रोगाने लसीच्या शास्त्राला एक मोठा धडा दिला. ज्या रुग्णांत कुष्ठाचे जंतू सर्वांत जास्त असतात, त्यांच्या रक्तात जंतूंविरुद्धची प्रतिपिंडंही भरपूर असतात. तरी जंतू मरत नाहीत, कारण ते पेशींच्या आत दडलेले असतात आणि प्रतिपिंड तिथे पोचत नाही. ज्यांच्या टी-पेशी, म्हणजे रोगाशी लढणाऱ्या रक्तातल्या पांढऱ्या पेशी, जोमाने लढतात, त्यांच्यात जंतू मोजकेच राहतात. म्हणजे लस टोचल्यावर प्रतिपिंडं झाली, एवढ्याने काम होत नाही. शरीराची कोणती पेशी काय शिकली, हे पाहावं लागतं.

हे शिकवणं कुठे होतं? पायाला काटा रुतून पिकला की जांघेत गाठ येते. आपण म्हणतो, अवधाण आलं. ती लसिका ग्रंथी. विज्ञानाच्या मराठीने तिला नाव देताना जुनंच घराणं निवडलं, आणि ते अचूक ठरलं. आज लसीची खरी परीक्षा त्या गाठीतच होते.

पण हे कळण्याआधी एक लांबचा वळसा पडला. 1920 च्या दशकात पॅरिसजवळ गॅस्टन रामों घटसर्पाच्या उपचारासाठी घोड्यांपासून रक्तद्रव मिळवत होते. टोचलेल्या जागी ज्या घोड्याला गळू होई, त्याच्या रक्तात प्रतिविष जास्त सापडे. मग त्यांनी लसीत टॅपिओका, पावाचा चुरा असे पदार्थ मिसळून पाहिले. 1926 मध्ये इंग्लंडात अलेक्झांडर ग्लेनी यांनी चक्क तुरटी वापरली आणि ती लागू पडली. अ‍ॅल्युमिनियमचे क्षार आजही अनेक लसींत असतात. हे का घडतं, याचा उलगडा व्हायला मात्र अनेक दशकं गेली.

1973 साली न्यूयॉर्कमध्ये राल्फ स्टाइनमन आणि झान्विल कोन यांनी झाडासारख्या फांद्या असलेल्या एका पेशीचं वर्णन प्रसिद्ध केलं. ही डेंड्रायटिक पेशी. ती कातडीत, स्नायूत पहारा देते, परकं काही सापडलं की त्याचा तुकडा उचलून लसिका ग्रंथीत नेते आणि टी-पेशींना दाखवते. टी-पेशी मग प्रतिपिंडं बनवणाऱ्या बी-पेशींना मदत करतात. ज्या बी-पेशीचं प्रतिपिंड जंतूला अधिक घट्ट चिकटतं, ती टिकते आणि वाढते. बाकीच्या मागे पडतात. गाठीत अशी निवड दिवसेंदिवस चालते.

स्टाइनमन यांच्या प्रयोगशाळेने पुढे लसीचा तुकडा थेट या पेशीवर जाऊन बसेल अशा प्रतिपिंडाला जोडला. उंदरांत दिसलं ते विलक्षण होतं. नुसता तुकडा पोचवला, तर शरीर त्याला सहन करायला शिकलं; त्यासोबत धोक्याची खूण दिली, तर लढायला शिकलं. म्हणजे निरोप ज्याला द्यायचा त्यालाच द्यावा, आणि तो इशाऱ्यासकट द्यावा. 2011 मध्ये स्टाइनमन यांना नोबेल जाहीर झालं. त्याच्या तीनच दिवस आधी ते वारले होते.

गडचिरोलीला हे सारं हिवतापामुळे जवळचं आहे. डासाने सोडलेले फाल्सिपॅरम जातीच्या हिवतापाचे जंतू तासाभरातच यकृतात शिरतात. प्रतिपिंडांना हाती तेवढाच वेळ, म्हणून ती रक्तात आधीपासून मुबलक असावी लागतात. ऑक्सफर्डच्या जेन्नर इन्स्टिट्यूटने त्यासाठी आर-21 ही लस रचली. जंतूच्या आवरणातल्या प्रथिनाचा तुकडा एका सूक्ष्म कणावर दाटीवाटीने बसवला, म्हणजे बी-पेशीला तोच आकार पुन्हा पुन्हा भेटतो. इशाऱ्यासाठी चिलीतल्या एका झाडाच्या सालीतलं, रिठ्यासारखा फेस करणारं द्रव्य घातलं. त्याने पेशी जाग्या होऊन लसिका ग्रंथीकडे गोळा होतात.

ही लस पुण्याच्या सीरम इन्स्टिट्यूटमध्ये तयार होते. हाफकिन संस्थेला रक्तद्रवासाठी घोडे देणाऱ्या पूनावाला कुटुंबाने 1966 मध्ये ही संस्था काढली. आफ्रिकेतल्या चाचणीत, जिथे हिवताप ठरावीक मोसमात येतो तिथे, या लसीने वर्षभरात 75 टक्के संरक्षण दिलं. ऑक्टोबर 2023 मध्ये जागतिक आरोग्य संघटनेने तिची शिफारस केली आणि 2024 पासून ती आफ्रिकेतल्या बाळांना मिळू लागली.

भारताच्या लसीकरण कार्यक्रमात ती नाही. देशात व्हायवॅक्स जातीचा हिवतापही मोठा आहे आणि त्यावर ही लस चालत नाही. पण भामरागड, एटापल्ली, धानोऱ्याच्या जंगलपट्ट्यात फाल्सिपॅरम जुना आहे आणि तो मेंदूत शिरून लेकरं नेतो. पुण्यात बनणाऱ्या लसीचा देशात विचार होईल, तेव्हा या तालुक्यांचं नाव यादीत पहिलं असलं पाहिजे. तोवर ताप आला की त्याच दिवशी आशाताईकडून रक्त तपासून घ्यावं, गोळ्या पूर्ण घ्याव्यात आणि शेतावर झोपतानाही मच्छरदाणी लावावी.