सहकुटुंब समुद्रकांठीं : देवपूर ते कँटन

शनिवार-रविवारची सुटी साधून, बायकामुलांसह, बेताच्या खर्चांत एखाद्या समुद्रकांठच्या शहरीं जाऊन यावें, ही इच्छा आतां इतकी साधी झाली आहे कीं तिला कांहीं इतिहास असेल असें कोणाच्या मनांतहि येत नाहीं. हाँगकाँगमधील कुटुंबें शनिवारीं सकाळीं निघतात, चीनच्या किनाऱ्यावरील एखाद्या शहरांत दोन दिवस स्वस्तांत राहतात आणि रविवारीं रात्रीं घरीं परततात. २०१८ सालच्या सप्टेंबरांत हाँगकाँगहून कँटनच्या बाजूस जाणारी वेगवान रेल्वे सुरू झाली आणि पुढच्याच महिन्यांत झुहाय व मकाव यांना जोडणारा सुमारें ५५ किलोमीटरांचा सेतु खुला झाला. ज्याला आपण जुन्या संवयीनें कँटन म्हणतों, तें ग्वांगचौ आतां सहलीचें शहर झालें आहे.

पण याच शहराच्या दाराशीं दोनशें वर्षांपूर्वीं 'सहकुटुंब' हा शब्दच अडविला जात होता. परदेशी व्यापाऱ्यानें तेथें माल आणावा, चहा न्यावा. बायको मात्र आणूं नये, असा चिनी बादशाहीचा सक्त नियम होता. आणि जो माल तेथें उतरत होता, त्यांतला एक माल आमच्या धुळें-देवपूरच्या वाटेनें जात होता. म्हणून आज मला श्रोत्यांना देवपुराहून कँटनपर्यंत न्यावयाचें आहे.

१८१८ सालीं खानदेश इंग्रजांच्या हातीं आला. कॅप्टन जॉन ब्रिग्ज यानें धुळें हें जिल्ह्याचें ठाणें केलें आणि जुन्या गांवाशेजारीं सरळ रस्त्यांची नवी पेठ आंखून घेतली. पांझरेच्या दक्षिणेस धुळें, उत्तरेस देवपूर. आणि मुंबईहून आग्र्याकडे जाणारा हमरस्ता या दोहोंना एका दोऱ्यांत ओवतो. ह्या रस्त्यानें कापूस गेला, धान्य गेलें, फौजा गेल्या. आणि अफू गेली.

माळव्याची अफू संस्थानी मुलखांत पिकत असे. बंगालच्या अफूप्रमाणें तिच्यावर कंपनी सरकारचा मक्ता नव्हता. कंपनीनें आरंभीं ती विकत घेऊन आणि संस्थानिकांशीं करार करून बाजार आवळून पाहिला. व्यापारी कंपनीहून हुशार निघाले. त्यांनीं राजपुतान्यांतून सिंधकडे आडवाट काढली आणि माल कराचीहून पोर्तुगीजांच्या दमणास जाऊं लागला. अखेर १८३० च्या सुमारास कंपनीनें हट्ट सोडला. पेटीमागें १७५ रुपये भरा, परवाना घ्या, माल सरळ मुंबईस न्या, असा नवा रिवाज पडला. पेटी म्हणजे सुमारें पावणेदोन बंगाली मण अफू. इंदुराहून मुंबईची सरळ वाट म्हणजे सेंधव्याचा घाट, शिरपूर, धुळें, मालेगांव आणि नाशिक. अफूचें युद्ध आपल्या पाठ्यपुस्तकांत चीनच्या प्रकरणांत घातलेलें असतें. त्याचें एखादें पान खानदेशच्या प्रकरणांतहि असावयास हवें, असें मला वाटतें.

आतां कँटनकडे वळूं. तेथें परदेशी व्यापाऱ्यांना नदीकांठीं एका लहानशा पट्ट्यांत वखारी बांधून दिल्या होत्या. त्यांना 'तेरा वखारी' म्हणत. शहराच्या तटाच्या आंत त्यांना पाऊल टाकतां येत नसे. ठराविक चिनी सावकारांशींच व्यवहार करावयाचा, व्यापाराचा हंगाम संपला कीं गाशा गुंडाळून पोर्तुगीजांच्या मकावला जावयाचें. नैर्ऋत्य मोसमी वाऱ्यानें जहाजें येत आणि ईशान्य वाऱ्यानें परत जात. माणसाचा संसारहि त्याच वाऱ्यांनीं दोन ठिकाणीं वांटलेला. बायकामुलें मकावला, धनी कँटनला.

सहलीची मुभा होती, पण कशी? चांद्र महिन्याच्या आठव्या, अठराव्या आणि अठ्ठाविसाव्या दिवशीं, म्हणजे महिन्यांतून तीन वेळां, दहापेक्षां अधिक जणांनीं न जातां, दुभाष्या बरोबर घेऊन, नदीपलीकडील फुलबागा किंवा होनाम बेटावरील बौद्ध मंदिर पाहून यावें आणि अंधार पडण्यापूर्वीं परतावें. एखाद्या कडक वसतिगृहाचे नियम वाचतों आहोंत असें वाटतें. गंमत अशी कीं लक्षावधींची उलाढाल करणारे हे सावकार त्या तीन दिवसांची शाळकरी मुलांसारखी वाट पाहत.

१८३० सालच्या नोव्हेंबरांत हॅरिएट लो नांवाची एक अमेरिकन तरुणी आपल्या चुलत्या-चुलतीबरोबर मकावहून कँटनच्या वखारींत येऊन राहिली. त्याच वर्षीं एका इंग्रज अधिकाऱ्याच्या पत्नीच्या आगमनावरून आधींच वादंग माजलेलें होतें. चिनी अधिकाऱ्यांनीं बजावलें कीं बायका परत गेल्या नाहींत तर व्यापार बंद होईल. कांहीं आठवड्यांतच त्या मुलीला शहराचा निरोप घ्यावा लागला. चिनी अंमलदारांचा तर्क अगदींच वेडगळ नव्हता. एकटा पुरुष हंगाम संपला कीं जातो. बायको आली कीं चूल येते, चूल आली कीं घर येतें, आणि घर आलें कीं पाहुणा उठतां उठत नाहीं.

मुंबईचे पारशी व्यापारीहि या वखारींत होते. जमशेटजी जीजीभाई तरुणपणीं पांच वेळां चीनच्या सफरीवर गेले. १८०५ सालीं ते ज्या जहाजावर होते तें फ्रेंचांनीं पकडलें. त्याच जहाजावर वैद्य म्हणून असलेल्या विल्यम जार्डीनशीं त्यांचा स्नेह जडला आणि पुढें अफूच्या व्यापारांत तो दोघांनाहि फळला. या पारश्यांचीं कुटुंबें मुंबईसच राहत. मकावला त्यांनीं १८२९ सालीं आपली दफनभूमि घेतली. त्या किनाऱ्यावर पारशी घर उठलें नाहीं, पण पारशी थडगीं मात्र उभीं राहिलीं.

पुढची हकीकत सर्वांस ठाऊक आहे. १८३९ सालीं लिन झशू या बाणेदार अधिकाऱ्यानें २०,२८३ पेट्या अफू ताब्यांत घेतली आणि जूनमध्यें हूमेन येथें चुना व मीठ टाकून ती समुद्रांत सोडून दिली. त्यांत माळव्याचा माल मोठ्या प्रमाणांत होता. इंग्रजांनीं आरमार पाठविलें. २९ ऑगस्ट १८४२ रोजीं नानकिंगचा तह झाला. हाँगकाँग गेलें, दोन कोटि दहा लक्ष डॉलर दंड बसला, आणि कँटन, अमॉय, फूचौ, निंगपो व शांघाय हीं पांच बंदरें खुलीं झालीं. या तहाच्या दुसऱ्या कलमाकडे सहसा कोणी लक्ष देत नाहीं. इंग्रज प्रजाजनांना या बंदरांत आपल्या कुटुंबांसह व नोकरचाकरांसह बिनधोक राहतां येईल, असें त्यांत लिहिलेलें आहे. बायकोला बरोबर नेण्याचा हक्क तोफांच्या धाकानें लिहून घेतलेला, असें उदाहरण इतिहासांत फारसें सांपडावयाचें नाहीं. हॅरिएट लोवर झालेला अन्याय खरा. पण तो ज्या किंमतीनें दूर झाला ती किंमत अफूनें उद्ध्वस्त झालेल्या हजारों चिनी घरांनीं मोजली. तेथेंहि बायकामुलें होतींच.

इकडे आमच्या घरांतली स्थिति काय होती? चिनी बादशहाला नांवें ठेवण्यापूर्वीं हें पाहिलें पाहिजे. समुद्र ओलांडणें हेंच आमच्याकडे पाप मानलेलें. परत आलेल्यास प्रायश्चित्त. १८८३ सालीं आनंदीबाई जोशी वैद्यकीच्या शिक्षणासाठीं अमेरिकेस निघाल्या, तेव्हां आपण एकटीनें कां जात आहों हें त्यांना श्रीरामपूर येथें भरसभेंत समजावून सांगावें लागलें. समुद्र ओलांडण्याची गोष्ट दूरच, समुद्र नुसता पाहणें हेंहि खानदेशांतल्या बाईला दुर्घट होतें. गाडीरस्त्यानें मुंबईस जावयाचें म्हणजे कित्येक मुक्काम आणि वाटेंत थळ घाट. आगगाडी आली तरी तो घाट लगेच सुटला नाहीं. १८६१ सालीं कसाऱ्यापर्यंत अलीकडून आणि इगतपुरीहून नाशिककडे पलीकडून गाड्या धांवूं लागल्या. मधला चढ उतारूंनीं चार वर्षें रस्त्यानेंच चढावयाचा. १ जानेवारी १८६५ रोजीं घाटांतला लोहमार्ग सुरू झाला. धुळ्यास मात्र चाळीसगांवचा फांटा १९०० सालीं आला, आणि त्याच सुमारास तापी खोऱ्याची रेल्वे अमळनेरला सुरतेशीं जोडती झाली.

तिसऱ्या वर्गाच्या डब्याची निंदा पुष्कळांनीं केली आहे, आणि ती यथार्थच आहे. गर्दी, धूळ, पाण्याचे हाल. परंतु याच डब्यानें बोचकें, लोट्या, म्हातारी आणि तान्हें मूल यांसकट सबंध कुटुंब हलविलें. बहुतेकांचें निमित्त यात्रेचें असे, नाशिक-त्र्यंबकाचें. मुंबईची चौपाटी हा त्यावरचा वरकड लाभ. लग्नाला जातांना वाटेंत समुद्र पाहून घेतला, असें सांगणाऱ्या आज्या खानदेशांत घरोघर होत्या. हौसेचा प्रवास आमच्याकडे असा धर्माच्या आणि सोयरिकीच्या पदराआडून आला.

कँटनच्या धक्क्यावर एक मराठी माणूस मात्र अगदीं निराळ्या कामासाठीं उतरला. सोलापूरचे डॉ. द्वारकानाथ कोटणीस राष्ट्रीय सभेच्या वैद्यकीय पथकांतून १९३८ च्या सप्टेंबरांत हाँगकाँगवरून तेथें पोंचले. पुढच्याच महिन्यांत तें शहर जपान्यांच्या हातीं पडलें. उत्तर चीनमध्यें १९४१ सालीं त्यांनीं क्वो छिंगलान या परिचारिकेशीं विवाह केला, १९४२ च्या ऑगस्टांत मुलगा झाला, आणि त्याच वर्षीं ९ डिसेंबरला, वयाच्या अवघ्या बत्तिसाव्या वर्षीं, ते वारले. अफूच्या वाटेनें चीनला गेलेल्या आमच्या मालाचा हिशेब एका माणसानें फिटत नाहीं, हें खरें. तरी सोलापूरचें एक कुटुंब चीनशीं रक्तानें जोडलें गेलें, आणि पुढें ती पत्नी सासरच्या गांवीं येऊनहि गेली.

तेरा वखारी १८५६ च्या डिसेंबरांत आगींत जळाल्या. त्यानंतर परदेशीयांसाठीं शेजारीं शामियान नांवाचें बेट नदीच्या वाळवंटांतून उठविण्यांत आलें. तेथें आज वडांच्या सावलींत कुटुंबें रविवारीं फिरतात, मुलांचीं छायाचित्रें काढतात, आणि त्यासाठीं तिकीट लागत नाहीं. वखारींच्या जागेजवळच्या उद्यानांत त्यांचें एक संग्रहालय २०१६ पासून आहे. आणि होनामवरचें तें बौद्ध मंदिर नदीपलीकडे अजून उभें आहे. तेथें आतां आठवी, अठरावी किंवा अठ्ठाविसावी तिथि पाहावी लागत नाहीं, आणि बरोबर किती माणसें आहेत हें कोणी मोजत नाहीं.