अधिवृक्क ग्रंथीवरील द्रवार्बुदांचे निदान व शस्त्रक्रिया : एक ऐतिहासिक आढावा

प्रस्तावना :
प्रत्येक मूत्रपिंडाच्या माथ्यावर अधिवृक्क ही लहान अंतःस्रावी ग्रंथी असते. सोळाव्या शतकात इटलीतील बार्तोलोमेओ युस्ताकी यांनी तिचे वर्णन केले. तिचे कार्य मात्र दीर्घकाळ अज्ञात राहिले. या ग्रंथीत क्वचित द्रवाने भरलेली पिशवीसारखी गाठ, म्हणजेच द्रवार्बुद, आढळते. प्रस्तुत लेखात त्याच्या निदानाचा व शस्त्रक्रियेचा आढावा घेतला आहे.

शवविच्छेदनाचा काळ :
अशा द्रवार्बुदाची पहिली नोंद १६७० मध्ये ग्रायसेलियस यांनी केली. ते फुटून रुग्ण दगावल्यानंतरच त्याचा उलगडा झाला. १८५५ मध्ये थॉमस ॲडिसन यांनी या ग्रंथीच्या विकाराची लक्षणे मांडली. दोन्ही ग्रंथी काढल्यास प्राणी जगत नाहीत, हे ब्राऊन-सेकार यांनी १८५६ मध्ये दाखविले. त्यामुळे ग्रंथीचा किती भाग काढावा व किती राखावा, हा शल्यचिकित्सेपुढील मूलभूत प्रश्न ठरला.

वर्गीकरण व निदान :
फॉस्टर यांनी १९६६ मध्ये २२० रुग्णांच्या नोंदी एकत्र केल्या. अंतःस्तरीय, अधिस्तरीय, आभासी व परजीवीजन्य असे या द्रवार्बुदांचे चार प्रकार मानले जातात. परजीवीजन्य प्रकार कुत्रा व मेंढी यांच्या साखळीतून पसरणाऱ्या पट्टकृमीमुळे होतो. १९७१ मध्ये सीटी स्कॅनचा रुग्णावर प्रथम वापर झाला. पुढे अन्य कारणासाठी केलेल्या तपासणीतही अशा गाठी अनपेक्षितपणे दिसू लागल्या. परंतु रक्तदाब एकाएकी वाढविणारे फिओक्रोमोसायटोमा हे अर्बुदही द्रवार्बुदासारखे दिसू शकते. म्हणून सुई घालण्यापूर्वी वा शस्त्रक्रियेपूर्वी रक्त-लघवीतील संप्रेरकांची तपासणी अनिवार्य ठरते. ती टाळल्यास रुग्णाचा जीव धोक्यात येतो.

शस्त्रक्रिया व महाराष्ट्र :
मुंबईच्या जे. जे. रुग्णालयात १९९० मध्ये डॉ. तेहेमटन उदवाडिया यांनी पित्ताशयाची दुर्बिणीद्वारे शस्त्रक्रिया करून भारतात या पद्धतीचा पाया घातला. १९९२ मध्ये मिशेल गान्ये यांनी याच तंत्राने अधिवृक्क ग्रंथी काढल्याचे प्रसिद्ध केले. मराठवाड्यात वैद्यकीय शिक्षणाची सोय १९५६ मध्ये औरंगाबादच्या (आताचे छत्रपती संभाजीनगर) शासकीय वैद्यकीय महाविद्यालयामुळे झाली. त्याचे रुग्णालय 'घाटी' या नावाने सर्वपरिचित आहे.

समारोप :
लहान, साधे व संप्रेरक न स्रवणारे द्रवार्बुद निरीक्षणाखाली ठेवता येते. मोठे, वेदनादायक, परजीवीजन्य, संप्रेरक स्रवणारे वा कर्करोगाची शंका असलेले द्रवार्बुद काढणे इष्ट ठरते. केवळ द्रव उपसल्यास ते पुन्हा भरण्याची शक्यता राहते. दुर्मीळ रोगात एका वैद्याचा अनुभव अपुरा पडतो. म्हणून प्रत्येक रुग्णाची काटेकोर नोंद हीच पुढील रुग्णाची खरी सुरक्षितता होय, हे या इतिहासावरून स्पष्ट होते.