१९८६ चा कायदा: अर्धवट राहिलेली सुधारणा

बेकायदा स्थलांतराचा प्रश्न आला की आपण सीमेकडे बघतो. अमेरिकेचा इतिहास मात्र आपल्याला आधी शेताकडे बघायला लावतो. १९४२ मध्ये, महायुद्धाच्या काळात, शेतावर माणसं कमी पडली म्हणून अमेरिकेने मेक्सिकोशी ‘ब्रासेरो’ करार केला. मजूर हंगामापुरते यायचे आणि परत जायचे. १९६४ अखेर हा करार संपला. पुढच्याच वर्षीच्या कायद्याने पश्चिम गोलार्धातून येणाऱ्यांवर वर्षाला १ लाख २० हजारांची मर्यादा घातली. आता बघा, शेतं तीच होती, मजुरांची गरजही तीच होती. पण कालचा कंत्राटी मजूर आज ‘बेकायदा’ ठरला.

६ नोव्हेंबर १९८६ रोजी रेगन यांनी सुधारणेच्या कायद्यावर सही केली. १९८२ पूर्वीपासून राहणारे आणि काही शेतमजूर मिळून सुमारे २७ लाख लोक कायदेशीर झाले. जाणूनबुजून बेकायदा मजूर ठेवणाऱ्या मालकाला प्रथमच दंड लागला. पण कागद वरकरणी खरे दिसले की मालक सुटायचा. साहजिकच खोट्या कागदांचा धंदा फोफावला. उद्या येणाऱ्या मजुरासाठी कायदेशीर वाट अपुरीच राहिली. २००७ पर्यंत बेकायदा राहणाऱ्यांची संख्या १ कोटी २० लाखांच्या आसपास गेली.

‘माफी दिली म्हणून हे झालं’ असं म्हणणं सोपं आहे. आपण मात्र मालकाची पळवाट आणि मजुराची बंद झालेली वाट, दोन्ही एकत्र बघायला हव्यात. कागद नसलेला मजूर बुडालेल्या मजुरीची तक्रार करायला घाबरतो, आणि त्याची ही भीती कुणाच्या फायद्याची असते?