धनुर्धराने कोणते हरीण निवडावे?

धनुष्यबाणाने शिकार करणाऱ्या नवशिक्यापुढे नेमाच्या आधी निवडीचा प्रश्न उभा राहतो. समोर कळप आहे, त्यात नर आहेत, माद्या आहेत, पाडसे आहेत. बाण कोणावर सोडावा? अमेरिकेतील टेक्सास राज्यात या प्रश्नाचे एक उत्तर मिळते, १९७२ च्या भारतीय कायद्यात दुसरे होते आणि आज नांदेड-लातूरच्या शिवारात तिसरेच आहे. उत्तरे परस्परांहून भिन्न असली, तरी त्यांच्यामागचा हिशेब एकच आहे. कळपात किती जनावरे आहेत, त्यांतील किती जगतील आणि पुढची पिढी कोण वाढवील, यावर निवड अवलंबून असते. धनुर्धराच्या इच्छेला त्यात फारसे स्थान नसते.

सारंग आणि कुरंग

बोलीभाषेत ज्यांना सरसकट ‘हरीण’ म्हटले जाते, त्यांत दोन वेगळी कुळे आहेत. चितळ, सांबर, भेकर हे सारंगकुळातील प्राणी. त्यांच्या नरांची शिंगे भरीव व बहुधा फाटे फुटलेली असतात. ती दरवर्षी गळून पडतात आणि नव्याने उगवतात. उगवत्या शिंगांवर मखमलीसारखे मऊ आवरण असते. काळवीट, चिंकारा, चौशिंगा आणि रोही म्हणजेच नीलगाय हे कुरंग होत. त्यांची शिंगे पोकळ असून आयुष्यभर टिकतात.

नांदेड जिल्ह्यातील किनवट-माहूरचा सागवानी पट्टा आणि यवतमाळच्या सीमेवरील पैनगंगा अभयारण्य हा चितळ-सांबरांचा मुलूख आहे. लातूर मात्र राज्यातील सर्वांत कमी वनक्षेत्र असलेल्या जिल्ह्यांपैकी एक. बालाघाटच्या पठारावरील माळराने, गायराने आणि त्यांना लागून असलेली सोयाबीन, तूर, हरभरा, ज्वारीची शेते हेच तेथील काळविटांचे घर होय.

काळविटाच्या कळपात लिंग व वय ओळखणे वाटते तितके सोपे नाही. पूर्ण वाढलेला नर पाठीवर काळाभोर, पोटाशी पांढरा आणि पिळदार शिंगांचा असतो. परंतु हा काळा रंग सावकाश चढतो. दोन-अडीच वर्षांचा नर अजून तपकिरीच असतो आणि लांबून मादीसारखा दिसतो. मादीला सहसा शिंगे नसतात. चिंकाऱ्याच्या मादीला मात्र लहान शिंगे असतात. म्हणजे ‘शिंगे आहेत, तेव्हा नर’ हा ठोकताळा एकाच माळावरील दोन प्राण्यांना सारखा लागू पडत नाही.

चुकलेल्या निवडीच्या कथा

हरीण निवडताना होणाऱ्या चुकीची जाण आपल्या परंपरेला प्राचीन काळापासून आहे. पंडू राजाने समागमात रमलेल्या मृगाच्या जोडीवर बाण सोडला. तो मृग म्हणजे किंदम ऋषी होते आणि त्यांच्या शापाने राजाचे गृहस्थजीवन संपले. दशरथाने शरयूच्या काठी रात्रीच्या अंधारात, जनावर पाणी पीत आहे असे समजून, केवळ आवाजाच्या रोखाने शरसंधान केले आणि श्रावणाचा बळी गेला. कालिदासाच्या ‘अभिज्ञानशाकुंतला’त दुष्यंत ज्या मृगाचा पाठलाग करतो, तो आश्रमाचा आहे असे सांगून तपस्वी त्याला थांबवतात आणि राजा बाण मागे घेतो. वीण चालू असलेले जनावर, नीट न दिसलेले जनावर आणि संरक्षित जागेतील जनावर ही तीन वर्ज्ये या तीन कथांतून हाती लागतात. पुढे कायद्यानेही याच प्रकारची वर्ज्ये कलमबद्ध केली.

परवान्यांचा काळ

नांदेड आणि आजचा लातूर जिल्हा हा भाग १९४८ पर्यंत निजामाच्या हैदराबाद संस्थानात होता. संस्थानी काळात पाळीव चित्ते सोडून काळविटांची शिकार करणे हा राजेरजवाड्यांचा शौक होता, तर बंदूकधारी शिकाऱ्यांत शिंगांच्या लांबीवरून मान ठरत असे. सर्वांत काळा, सर्वांत लांब शिंगांचा नर हेच तेव्हाचे ‘निवडक’ हरीण. स्वातंत्र्यानंतर जीपगाड्या, बंदुका आणि नांगराखाली गेलेली माळराने यांनी काळविटांची संख्या झपाट्याने घटवली.

१९७२ मध्ये वन्यजीव संरक्षण कायदा आला, तेव्हा शिकार पूर्णपणे बंद झाली नव्हती. काळविटाला पहिल्या अनुसूचीत घालून संपूर्ण अभय देण्यात आले. चितळ, सांबर, भेकर व रोही यांसारख्या प्राण्यांसाठी मात्र परवाने मिळत. कोणते जनावर मारावे याबाबत कायदा स्पष्ट होता. परवान्यात खास मुभा नसेल, तर पिल्लू मारायचे नाही, मादी मारायची नाही आणि शिंगांवर मखमल असलेला सारंग मारायचा नाही. सूर्यास्तानंतर शिकार करायची नाही, पाणवठ्यावर किंवा त्याच्या वाटेवर दबा धरायचा नाही आणि बंदीच्या हंगामात रानात जायचे नाही, असेही निर्बंध होते. दशरथाने या नियमांतील किमान दोन एकाच रात्री मोडले असते. मोठ्या जनावरांसाठी शस्त्र म्हणून रायफल विहित होती. म्हणजे परवान्याच्या त्या काळातही धनुष्यबाणाने चितळ टिपण्याची हौस कायद्यात बसत नव्हती. १९९१ च्या दुरुस्तीने ही परवाना पद्धतच संपुष्टात आली.

फासेपारध्यांची रीत

लिखित कायद्यापूर्वीही निवडीचे नियम होते. महाराष्ट्रातील फासेपारधी समाज हरणांसाठी फासे लावत असे. माधव गाडगीळ आणि कैलास मल्होत्रा या अभ्यासकांनी या समाजाची एक रीत नोंदवली आहे. फाशात सापडलेली गाभण मादी किंवा पाडस परंपरेने सोडून दिले जाई. ज्यांची उपजीविका हरणांवर होती, त्यांना उद्याचा कळप आजच्या गाभण मादीच्या पोटात आहे हे ठाऊक होते. ब्रिटिशांनी गुन्हेगार जमातींच्या कायद्याखाली ज्यांच्यावर शिक्का मारला, त्या समाजाच्या या संयमाची आठवण सहसा काढली जात नाही. फाशाच्या शिकारीत आणखी एक सोय होती. जनावर हाती येई तेव्हा ते जिवंत असे आणि निर्णय बदलता येई. सुटलेला बाण ही संधी देत नाही.

जेथे परवानगी आहे तेथे

धनुष्याने हरणाची शिकार करण्याबाबत सर्व देशांचे धोरण सारखे नाही. ब्रिटनमध्ये त्यावर कायद्याने बंदी आहे; डेन्मार्कमध्ये १९९९ पासून मर्यादित परवानगी आहे. अमेरिकेत बहुतेक राज्यांत बंदुकीच्या हंगामाआधी धनुर्धारींसाठी स्वतंत्र हंगाम असतो. टेक्सासमध्ये २ सप्टेंबर १९७१ रोजी किंवा त्यानंतर जन्मलेल्या शिकाऱ्याला शिकार-शिक्षणाचा अभ्यासक्रम बंधनकारक आहे.

तेथील नवशिक्याला अनुभवी मंडळी बहुधा ‘शिंगे विसरा, प्रौढ मादी निवडा’ असा सल्ला देतात. १९७२ च्या भारतीय नियमाच्या नेमका उलट वाटणारा हा सल्ला समजून घेण्याजोगा आहे. पांढऱ्या शेपटीच्या हरणांची संख्या तेथे अनेक भागांत चाऱ्याला पेलवेनाशी झाली आहे आणि लांडग्यांसारखे नैसर्गिक शत्रू बहुतेक ठिकाणांहून नाहीसे झाले आहेत. एक नर अनेक माद्यांना फळवतो, त्यामुळे नर मारून संख्या आटोक्यात येत नाही; ती माद्यांवर अवलंबून असते. जेथे कळप वाढवायचा असतो तेथे मादी राखावी लागते, जेथे घटवायचा असतो तेथे तीच काढावी लागते. तत्त्व एकच, केवळ गरज वेगळी.

तरीही कोणतीही मादी चालत नाही. पाडस सोबत असलेली मादी टाळण्याचा संकेत अनेक जण पाळतात. एकटे, ठेंगणे, आखूड तोंडाचे जनावर दिसले तर ते बहुधा त्याच वर्षीचे नर पिल्लू असते. त्याची शिंगे अजून कातडीखाली असल्याने नवखा त्याला मादी समजतो. म्हणून मोठ्या जनावराशेजारी तुलना करता येईपर्यंत थांबावे, असे शिकवले जाते. नरांबाबत टेक्सासच्या अनेक कौंट्यांत मोजमापच ठरलेले आहे. एका बाजूचे शिंग बिनफाट्याचे असावे किंवा दोन्ही शिंगांमधील आतले अंतर किमान १३ इंच असावे. कान ताठ केलेल्या हरणाच्या दोन कानटोकांमधील अंतराशी शिंगांचा पसारा ताडून हा अंदाज बांधला जातो. मधल्या वयाचे नर वाचावेत, हा त्यामागील हेतू.

बाणाच्या मर्यादाही निवड ठरवतात. गोळी आघाताने मारते, बाण कापून आणि रक्तस्रावाने. म्हणून तो हृदय व फुप्फुसांच्या पट्ट्यातच लागावा लागतो. जनावर आडवे उभे असेल किंवा किंचित पाठमोरे वळलेले असेल, तरच हा पट्टा उघडा असतो. समोरून वा थेट मागून नेम धरणे वर्ज्य मानले जाते. अंतर साधारण २० ते ३५ मीटर. दोरीचा आवाज ऐकून हरीण क्षणार्धात खाली दबते आणि नेम चुकतो. जखमी जनावर मैलोन्‌मैल जाऊन तडफडत मरते. म्हणून बिचकलेले, कान टवकारलेले हरीण सोडून देणे हीच तेथील पहिली शिस्त.

या सगळ्यात भारतीय वाचकाला चकित करणारी गोष्ट म्हणजे टेक्सासमध्ये आपला काळवीटही आहे. १९३०च्या दशकात तो तेथे नेण्यात आला आणि खासगी कुरणांत फोफावला. बाहेरून आणलेला प्राणी म्हणून त्याला तेथे बंदीचा हंगाम नाही. शिकारीचा परवाना आणि जमीनमालकाची संमती पुरते.

शिंगांचा मोह

सर्वांत देखणा नर निवडण्याचे दुष्परिणाम आता अभ्यासले गेले आहेत. कॅनडातील अल्बर्टा प्रांतात मोठ्या शिंगांच्या रानमेंढ्यांच्या एका कळपावरील दीर्घकालीन संशोधन २००३ मध्ये ‘नेचर’ या नियतकालिकात प्रसिद्ध झाले. वर्षानुवर्षे भरदार शिंगांचे एडके टिपले गेल्याने कळपात तुलनेने लहान शिंगांचे नर उरत गेल्याचे त्यात दिसले. काळविटांतही माळावर आपली जागा राखून माद्यांशी जुगणारा नर हा काळाभोर, पूर्ण वयाचाच असतो. शिकाऱ्याची नजर जातीच्या भवितव्यावरच पडते, ती अशी.

आजचा कायदा

भारतात आज या प्रश्नाचे उत्तर एका शब्दात देता येते: कोणतेही नाही. कायद्याच्या ९ व्या कलमान्वये अनुसूचित वन्यप्राण्यांच्या शिकारीवर बंदी आहे. ‘शिकार’ या संज्ञेत मारणे, जखमी करणे, पकडणे, फासे लावणे, हाकणे, आमिष दाखवणे आणि तसा प्रयत्न करणे हे सारे येते. शस्त्र धनुष्य आहे की बंदूक, याने फरक पडत नाही. नेम चुकला तरी गुन्हा घडतो. २०२२ ची दुरुस्ती १ एप्रिल २०२३ पासून अमलात आली. त्यानंतरही काळवीट, चिंकारा व चौशिंगा पहिल्याच अनुसूचीत आहेत. अशा प्राण्याच्या शिकारीस किमान ३ आणि कमाल ७ वर्षांचा कारावास व किमान २५ हजार रुपये दंड आहे. १९९८ मध्ये जोधपूरजवळ घडलेल्या काळवीट शिकार प्रकरणात अभिनेता सलमान खानला खालच्या न्यायालयाने २०१८ मध्ये ५ वर्षांची शिक्षा सुनावली, तेव्हा या तरतुदींची धार देशभर कळली.

शेतकऱ्याचा प्रश्न

नांदेड-लातूरच्या शेतकऱ्याला मात्र हा विषय हौसेचा नाही. उगवत्या सोयाबीनचे शेंडे, हरभऱ्याची कोवळी पाने हरणांचे कळप एका रात्रीत खुडून नेतात. येथे कोणता प्राणी नुकसान करतो हे ओळखण्याला कायदेशीर अर्थ आहे. पहिल्या अनुसूचीतील प्राणी मानवी जीवितास धोकादायक ठरला किंवा बरा न होण्याइतका जखमी वा रोगग्रस्त असला, तरच मुख्य वन्यजीव रक्षक लेखी आदेश देऊ शकतात. पिकाचे नुकसान हे त्यासाठी कारण होत नाही. रोही व रानडुक्कर दुसऱ्या अनुसूचीत आहेत आणि त्यांच्याबाबत उभ्या पिकांचे नुकसान हे कारण ग्राह्य धरता येते. महाराष्ट्रात त्यासाठी वन विभागाकडून परवानगी घ्यावी लागते. म्हणजे एकाच शेतात एकाच रात्री शिरलेल्या रोही आणि काळवीट यांत कायद्याने जमीन-अस्मानाचे अंतर ठेवले आहे.

काळविटांनी केलेल्या नुकसानीसाठी शासनाची भरपाई योजना आहे. पाऊलखुणा व खाल्लेली रोपे शाबूत असतानाच तक्रार करून पंचनामा करून घेणे हिताचे. वन विभागाची १९२६ ही मदतवाहिनी त्यासाठी उपलब्ध आहे. कळप हलवण्याचा मार्गही अजमावला जात आहे. मध्य प्रदेशातील शाजापूर परिसरात २०२५ मध्ये हेलिकॉप्टरच्या साह्याने काळविटांना नरसाळ्याच्या आकाराच्या ‘बोमा’ कुंपणात आणून शेकडोंच्या संख्येने अभयारण्यांत सोडण्यात आले. मराठवाड्यासारख्या वनहीन प्रदेशात मात्र ‘सोडायचे कोठे?’ हा प्रश्न प्रथम सोडवावा लागेल. अहिल्यानगर जिल्ह्यातील रेहेकुरीचे प्रसिद्ध काळवीट अभयारण्यही अवघे २.१७ चौरस किलोमीटरचे आहे.

धनुर्विद्येला वाट

धनुष्याची ओढ असलेल्या तरुणाला या कायद्याने निराश होण्याचे कारण नाही. परदेशी शिकारी वापरतात त्याच जातीच्या कंपाउंड धनुष्याने महाराष्ट्राच्या आदिती स्वामी आणि ओजस देवतळे यांनी २०२३ मध्ये बर्लिनच्या जागतिक स्पर्धेत वैयक्तिक सुवर्णपदके जिंकली. या प्रकारात ५० मीटरवरील ८० सेंटिमीटर व्यासाच्या लक्ष्यावर बाण मारले जातात. जागतिक धनुर्विद्या महासंघाच्या त्रिमितीय स्पर्धांत तर प्राण्यांच्या आकाराची फोमची लक्ष्ये झाडीत ठेवलेली असतात. अंतर स्वतः ताडावे लागते आणि गुण मिळतात ते हृदय-फुप्फुसांच्या पट्ट्यावर आखलेल्या वर्तुळांना. हरीण निवडण्याची, अंतर जोखण्याची आणि न सोडण्याची सारी परीक्षा तेथे होते. फोमच्या त्या हरणावर चुकलेला बाण उपसून पुन्हा भात्यात ठेवता येतो.