वसईचा गोन्सालो आणि श्रद्धेची कसोटी



नांदेड-लातूरच्या श्रोत्यांपुढे धर्मश्रद्धेसाठी सोसलेल्या छळाविषयी बोलावयाचे म्हणजे जाणत्यांनाच जाणीव करून देण्यासारखे आहे. गुरु गोविंदसिंगांनी १७०८ साली आपला देह ठेवला तो नांदेडास, गोदावरीच्या काठी. त्यांचे पिता गुरु तेगबहादुर यांचा औरंगजेबाच्या राज्यात, १६७५ साली, दिल्लीच्या चांदणी चौकात शिरच्छेद झाला. इकडे उदगीरचे भाई श्यामलाल १९३८ साली बीदरच्या तुरुंगात मरण पावले आणि पुढल्याच वर्षी निजामाच्या राज्यात धार्मिक स्वातंत्र्यासाठी आर्य समाजाचा सत्याग्रह झाला. ही नावे आपल्या परिचयाची आहेत. आज मात्र मी एक अपरिचित नाव घेणार आहे, आणि तेही मराठी मुलखातलेच आहे. ते म्हणजे वसईचा गोन्सालो गार्सिया.

वसई म्हटले की आपल्या डोळ्यांपुढे चिमाजी अप्पा आणि १७३९ चा वेढा उभा राहतो. ते योग्यच आहे. पण त्या किल्ल्याच्या आसऱ्याने वाढलेला ख्रिस्ती समाज आजही मराठी बोलतो, मराठीत प्रार्थना करतो. आपल्या शेजारी उस्मानाबादेस, म्हणजे आजच्या धाराशिवास, २०२० साली अखिल भारतीय मराठी साहित्य संमेलन भरले, तेव्हा त्याचे अध्यक्ष होते वसईचेच धर्मगुरू फादर फ्रान्सिस दिब्रिटो. त्याच मातीत सुमारे १५५६ साली गोन्सालोचा जन्म झाला. बाप पोर्तुगीज, आई इथली. किल्ल्यातल्या जेज्विट पाद्र्यांपाशी तो शिकला आणि पंधरा-सोळा वर्षांचा असताना त्यांच्याबरोबर जपानला गेला.

तेथली भाषा त्याने इतकी आत्मसात केली की धर्मोपदेशाच्या कामी पाद्र्यांना तो हवाहवासा झाला. संघात रीतसर प्रवेश मिळावा ही त्याची इच्छा मात्र पुरी झाली नाही. निराश होऊन तो व्यापारात पडला, आणि व्यापारात त्याला बरकतही आली. पण मन रमेना. अखेर फिलिपीन बेटांतील मनिला येथे तो फ्रान्सिस्कन संघात दाखल झाला. पुरोहित म्हणून नव्हे, साधा व्रतस्थ बंधू म्हणून. १५९३ साली पेद्रो बाप्तिस्ता हे स्पॅनिश वकील या नात्याने जपानचा सत्ताधीश तोयोतोमी हिदेयोशी याच्या भेटीस निघाले, तेव्हा त्यांचा दुभाषी होता आपला हा वसईकर. क्योटोत या मंडळींनी कुष्ठरोग्यांसाठी रुग्णालये काढली.

१५९६ साली सान फेलिपे नावाचे स्पॅनिश जहाज जपानच्या किनाऱ्यावर फुटले आणि त्यातला माल सरकारजमा झाला. त्या वेळी जहाजाच्या एका नाविकाने अशी बढाई मारली म्हणतात की, आमचे पाद्री आधी जातात आणि मागून आमच्या राजाच्या फौजा येतात! हिदेयोशीने मिशनऱ्यांना देशाबाहेर काढण्याचा हुकूम १५८७ सालीच दिला होता. तो आता प्रखरपणे अमलात आला. धरपकड झाली. बंदिवानांच्या डाव्या कानाचा तुकडा कापून क्योटोत त्यांची धिंड काढली, आणि भर हिवाळ्यात महिनाभर चालवीत त्यांना नागासाकीस नेले. तेथील निशिझाका टेकडीवर ५ फेब्रुवारी १५९७ रोजी २६ जणांना क्रुसावर बांधून भाल्यांनी भोसकले. त्यांतले २० जपानी होते. सर्वांत धाकटा लुई इबाराकी अवघा बारा वर्षांचा. धर्म सोडलास तर सोडतो, असे त्याला सांगण्यात आले आणि त्याने नकार दिला, अशी परंपरा आहे. गोन्सालोचे वय चाळिशीचे. १८६२ साली रोमने या सर्वांना संतपद दिले. भारतात जन्मलेला तो पहिला संत.

गोष्ट येथे संपविता आली असती. पण इतिहासाच्या अभ्यासकाला तशी मुभा नाही. हिदेयोशीची भीती सर्वस्वी निराधार होती, असे म्हणावयास मराठी माणसाची जीभ रेटणार नाही. १५३४ साली वसई पोर्तुगीजांच्या हाती गेली, त्यानंतर तेथे देवळांचे काय झाले हे आपण जाणतो. गोव्यात १५६० साली धर्मन्यायासन बसले ते १८१२ पर्यंत टिकले. कुंकळ्ळीत, जेथे देवळे पाडली गेली होती, तेथे १५८३ साली गावकऱ्यांनी पाच जेज्विटांना ठार मारले. त्यावर पोर्तुगीजांनी गावच्या मुखत्यारांना बोलणी करण्याच्या मिषाने असोळण्याच्या किल्ल्यात बोलावून कापून काढले. त्या पाचांना चर्चने धन्य मानले, आणि त्या मुखत्यारांचे स्मारक कुंकळ्ळीत उभे आहे. म्हणजे नागासाकीत जो धर्म क्रुसावर चढला, त्याच धर्माच्या नावाने त्याच काळात गोव्यात दुसऱ्यांना छळले जात होते!

मग गोन्सालोचे हौतात्म्य खोटे ठरते काय? मुळीच नाही. त्याच्या हाती फौज नव्हती, तोफा नव्हत्या. होती ती जपानी भाषा आणि कुष्ठरोग्यांची सेवा. पुढे १६१४ साली जपानात ख्रिस्ती धर्मावर सर्वत्र बंदी आली. त्यानंतर तेथल्या शेतकऱ्या-कोळ्यांनी दोन शतकांहून अधिक काळ, गुरूवाचून, देवळावाचून, घरातल्या घरात प्रार्थना पाठ करून श्रद्धा जपली. १८६५ साली नागासाकीच्या नव्या चर्चमध्ये त्यांतले काही जण भीतभीत आले आणि एका फ्रेंच पाद्र्यापाशी त्यांनी आपली ओळख दिली. बंदी उठली ती १८७३ साली. या माणसांच्या पाठीशी कोणते साम्राज्य होते? कोणतेही नव्हते.

तात्पर्य, श्रद्धेची कसोटी एकदा नव्हे, दोनदा लागते. सत्ता विरुद्ध असताना आपली श्रद्धा टिकते की नाही, ही पहिली. या कसोटीला उतरलेली माणसे सर्व धर्मांत सापडतात. सत्ता आपली असताना शेजाऱ्याची श्रद्धा आपण टिकू देतो की नाही, ही दुसरी. आणि ती फार कठीण आहे. गुरु तेगबहादुरांनी शिर दिले ते काश्मिरी पंडितांच्या धर्मासाठी, म्हणजे दुसऱ्याच्या श्रद्धेसाठी, असे शीख परंपरा सांगते. त्या पित्याच्या पुत्राची समाधी ज्या गावी आहे, तेथल्या माणसाला या दुसऱ्या कसोटीचा अर्थ मी काय सांगावा? नागासाकीच्या टेकडीवरील त्या वसईकराला मात्र आपण आपल्यातलाच एक म्हणून ओळखावे, एवढीच माझी विनंती आहे.