‘ॲट्रॉसिटी टाकली’

भिगवणहून उजनीच्या पाण्यावरचा पूल ओलांडला की आमचा इंदापूर तालुका मागं राहतो आणि कर्जत लागतो. त्याच्या पुढं जामखेड. दोन्ही तालुक्यांना मिळून आमदार एकच. या पट्ट्यात दोन वर्षांच्या अंतरानं दोन लेकरं गेली. 28 एप्रिल 2014 ला जामखेडमधल्या खर्ड्यात नितीन आगे या 17 वर्षांच्या दलित मुलाचा खून झाला. सवर्ण मुलीशी बोलतो या संशयावरून मारल्याचा आरोप होता. 13 जुलै 2016 ला कर्जतमधल्या कोपर्डीत 15 वर्षांच्या मराठा मुलीवर बलात्कार करून तिला मारलं. तिचं नाव कायद्यानं छापता येत नाही.

कोपर्डीनंतर मूक मोर्चे निघाले. 9 ऑगस्टला औरंगाबाद, 25 सप्टेंबरला पुणे, बारामतीतही निघाला. घोषणा नाहीत, पुढाऱ्यांची भाषणं नाहीत. निवेदन मुली देणार, मागची पोरं रस्ता झाडून घेणार. एवढ्या गर्दीनं एवढी शिस्त पाळणं सोपं नाही.

पण फलक बोलत होते. मुलीला न्याय द्या, आरक्षण द्या, आणि ॲट्रॉसिटी कायदा बदला. ही तिसरी मागणी तिथं कशी आली? 1989 चा तो कायदा दलित-आदिवासींवर इतरांनी केलेल्या अत्याचारांसाठी आहे. कोपर्डीचे आरोपीच दलित होते. त्या खटल्यात या कायद्याचं कामच नव्हतं. तिघांच्या गुन्ह्याचा हिशेब अख्ख्या जातीच्या खात्यावर मांडला गेला, तोही एका मुलीच्या दुखवट्यात.

आमच्याकडं हा शब्द कसा वापरतात तेही ऐका. ‘अमक्यावर ॲट्रॉसिटी झाली’ असं चहाच्या टपरीवर कुणी म्हणत नाही. ‘ॲट्रॉसिटी टाकली’ म्हणतात. शब्दाचा अर्थ अमानुष अत्याचार. बोलण्यात त्याची नुसती तक्रार झाली. मार खाणारा वाक्यातून गेला आणि आरोपी बिचारा ठरला. खोटी तक्रार कुठल्याही कायद्याखाली होऊ शकते, पण ‘खून टाकला’ असं आपण म्हणतो का?

नोव्हेंबर 2017 मध्ये दोन्ही निकाल नगरच्या सत्र न्यायालयातच लागले. 23 तारखेला नितीनच्या खुनातले आरोपी निर्दोष सुटले. अनेक साक्षीदार फितूर झाले होते. 29 ला कोपर्डीच्या तिघांना फाशी सुनावली. मोर्च्यांच्या मानानं खर्ड्याच्या निकालावरची शांतता फारच खरी होती.

पुढं बारामतीत एका वक्तृत्व स्पर्धेला मी परीक्षक होतो. एक मुलगी ‘मी कोपर्डीची निर्भया बोलतेय’ म्हणत उभी राहिली. जखमांचं वर्णन, मग ‘त्या जातीला’ इशारा, मग टाळ्या. मला ऐकवेना. मेलेल्या मुलीच्या तोंडी आपली वाक्यं घालायचा हक्क आपल्याला कुणी दिला? मी गुण कापले. ती विचारायला आली. सांगितल्यावर थोडा वेळ गप्प राहिली. मग मी विचारलं, “खर्डा ऐकलंयस का?”

“नाही सर. कुठं आलं?”

“जामखेडला.”

“म्हणजे माझ्या मामाच्या गावाजवळ,” ती म्हणाली. “तिथं काय झालं होतं?”