प्रतिसृष्टीचें दप्तर

अद्भुत कादंबरी आणि इतिहाससंशोधन यांचा परस्परांशीं संबंध काय, असा प्रश्न हा लेख हातीं घेतांना वाचकांच्या मनांत उभा राहणें स्वाभाविक आहे. ज्यांचा दिवस कसरीनें खाल्लेले रुमाल सोडण्यांत आणि मोडी अक्षरांची संगति लावण्यांत जातो, त्यांस कल्पित देशांतील कल्पित राजांशीं कांहीं कर्तव्य नाहीं, असें वरवर पाहतां वाटतें. परंतु विसाव्या शतकांत इंग्लंडांतील एका पंडितानें असा एक कल्पित देश निर्माण केला कीं, त्याच्या उभारणीस लागलेलें बहुतेक साहित्य आपल्याच कोठीतलें आहे: पोथ्यांच्या प्रती, पाठभेद, पुष्पिका, शकावल्या, वंशावळी, नकाशे आणि विशेषनामांच्या व्युत्पत्ति. हा देश कसा उभारला गेला हें पाहिलें म्हणजे अस्सल आणि बनावट कागद ओळखण्याच्या आपल्या कसोट्यांची एक मर्यादा स्पष्ट होते. म्हणून हा विषय येथें मांडण्याचें आम्हीं योजिलें आहे.

कल्पनेनें दुसरें जग रचण्याची गोष्ट आपणांस नवी नाहीं. त्रिशंकूकरितां विश्वामित्रानें दक्षिण दिशेस नवीं नक्षत्रें निर्माण केलीं, ही कथा रामायणाच्या बालकांडांत आहे. प्रतिसृष्टि हा शब्द मराठींत त्याच कथेच्या आधारें वापरला जातो. काश्मीरच्या आनंदवर्धनानें नवव्या शतकांत ध्वन्यालोकांत काव्यरूपी संसाराचा प्रजापति कवि हाच होय, असें प्रतिपादिलें. जॉन रोनाल्ड रूएल टोल्किन (१८९२–१९७३) यांनीं ८ मार्च १९३९ रोजीं स्कॉटलंडांतील सेंट अँड्र्यूज विद्यापीठांत दिलेल्या व्याख्यानांत याच जातीचा विचार मांडला. कथाकार एक दुय्यम जग निर्माण करतो. त्या जगाचे नियम त्यानें स्वतः पाळले, तोंवर श्रोता त्यांतील गोष्टी त्या जगापुरत्या खऱ्या मानतो. आणि अविश्वास उत्पन्न झाला कीं मोहिनी तुटते, असा त्याचा इत्यर्थ आहे.

टोल्किन हे व्यवसायानें भाषाशास्त्रज्ञ होते. १९१९ व १९२० या सालीं ते ऑक्सफर्डच्या मोठ्या इंग्रजी कोशाच्या कामावर होते. १९२५ पासून १९५९ पर्यंत ऑक्सफर्ड विद्यापीठांत प्राध्यापक होते, व त्यांतील पहिलीं वीस वर्षें जुन्या इंग्रजीचें अध्यापन त्यांजकडे होतें. 'हॉबिट' हें त्यांचें बालांसाठीं लिहिलेलें पुस्तक १९३७ त व 'लॉर्ड ऑफ द रिंग्ज' ही त्रिखंडात्मक कादंबरी १९५४ व १९५५ या सालीं प्रसिद्ध झाली. तीतील जगास त्यांनीं जुन्या इंग्रजींतील एका शब्दावरून 'मिडल-अर्थ' असें नांव दिलें. स्वर्ग आणि पाताळ यांच्या मधला म्हणून पृथ्वीस मध्यमलोक म्हणण्याचा संस्कृतांतील प्रघात येथें वाचकांस आठवेल.

आतां या जगाच्या उभारणीकडे वळूं. पहिली गोष्ट आधारग्रंथाची. ही कादंबरी आपण रचली असें टोल्किन कथेच्या चौकटींत म्हणतच नाहींत. 'वेस्टमार्चचें तांबडें पुस्तक' नांवाच्या प्राचीन हस्तलिखिताचें आपण भाषांतर करीत आहों, अशी त्यांची भूमिका आहे. मूळ पुस्तक नष्ट झालें. त्याची एक नक्कल दक्षिणेच्या राजधानींत गेली. तेथें तींत टीपा व दुरुस्त्या पडल्या. पुढें त्या नकलेची नक्कल फिंडेगिल नामक राजलेखकानें करून आपलें नांव व वर्ष शेवटीं नोंदविलें. ही सारी प्रतिपरंपरा १९६५ च्या सुधारलेल्या आवृत्तीच्या प्रास्ताविकांत दिली आहे. फिंडेगिलाची नोंद म्हणजे आपल्या पोथ्यांतील पुष्पिकाच होय. पुस्तकाच्या नांवावरून 'हर्जेस्टचें तांबडें पुस्तक' हें चौदाव्या शतकाच्या अखेरीस लिहिलें जाऊं लागलेलें खरें वेल्श हस्तलिखित ध्यानांत येतें.

या युक्तीचा एक जुना दाखला खुद्द महाराष्ट्राशीं निगडित आहे. सातवाहन राजाच्या पदरीं असलेल्या गुणाढ्यानें पैशाची भाषेंत सात लक्ष ग्रंथ स्वतःच्या रक्तानें लिहिला, राजानें तो अव्हेरल्यावर त्यांतील सहा लक्ष अग्नींत गेला, आणि उरलेल्या एक लक्षाची बृहत्कथा झाली, असें सोमदेव अकराव्या शतकांत कथासरित्सागराच्या आरंभीं सांगतो. हातीं आहे तो एका मोठ्या, नष्ट झालेल्या ग्रंथाचा अवशेष आहे, असें कळतांच वाचक वेगळ्या आदरानें पान उलटतो. पैठणच्या गुणाढ्याच्या कथेंत आणि ऑक्सफर्डच्या तांबड्या पुस्तकांत हें बीज समान आहे.

दुसरी गोष्ट पाठभेदाची. 'हॉबिट'च्या १९३७ च्या आवृत्तींत गॉलम नांवाचें पात्र कोड्यांच्या पैजेंत हरल्यास आपली मुद्रिका देण्यास राजी असतें. पुढील कादंबरींत ती मुद्रिका इतकी घातक ठरली कीं, तिचा धनी ती आपखुशीनें देईल हें असंभाव्य झालें. तेव्हां १९५१ च्या आवृत्तींत टोल्किननीं तें प्रकरण बदललें. सामान्य लेखक येथेंच थांबला असता. टोल्किननीं जुन्या पाठासही जागा दिली: मुद्रिका मिळविणाऱ्या बिल्बोनें आपला हक्क निर्दोष दिसावा म्हणून रोजनिशींत प्रथम खोटी हकीकत लिहिली, ती मूळ पुस्तकांत तशीच राहिली व कांहीं नकलांत उतरली, इतर नकलांत खरी हकीकत आली. छापील दोन आवृत्तींतील विरोध अशा रीतीनें दोन हस्तलिखित परंपरांतील पाठभेद बनला, आणि त्या पाठभेदास हेतुही मिळाला. वतनाच्या तंट्यांत आपल्या बाजूची कैफियत सजवून लिहिणारे ज्यांनीं पाहिले आहेत, त्यांस बिल्बोची ही लबाडी परिचयाची वाटेल.

तिसरी गोष्ट काल आणि स्थल यांची. आपण नकाशा आधीं केला व कथा त्याच्याशीं जुळवून घेतली, असें टोल्किननीं १९५४ च्या एका पत्रांत सांगितलें आहे. १९४४ च्या मे महिन्यांत त्यांनीं आपल्या पुत्रास कळविलें कीं, कथेंतील चंद्र एका प्रांतांत उगवतो त्याच वेळीं दुसऱ्या प्रांतांत मावळतो असें दिसून आल्यामुळें मागील प्रकरणें दुरुस्त करावीं लागत आहेत. कादंबरीच्या परिशिष्टांत हजारों वर्षांची शकावली असून पंचांगही आहे. त्यांत तीस दिवसांचे बारा महिने व महिन्यांबाहेरचे पांच दिवस आहेत. प्लुतवर्षीं एक दिवस अधिक येतो. वर्षाच्या मध्याचा दिवस व हा अधिक दिवस यांस वार नाहीं, त्यामुळें प्रत्येक तारखेस दरवर्षीं तोच वार पडतो. ३६० दिवसांचें सावन वर्ष ज्यांस ठाऊक आहे, त्यांस ही रचना अपरिचित वाटणार नाहीं. महिन्यांचीं नांवें जुन्या इंग्रजी महिन्यांवरून घेतलीं असून तीं मूळ नांवें बीड नामक साधूनें इ. स. ७२५ च्या सुमारास कालगणनेवरील ग्रंथांत नोंदलेलीं आहेत.

चौथी आणि सर्वांत महत्त्वाची गोष्ट भाषेची. टोल्किननीं आधीं भाषा रचल्या व त्या बोलणाऱ्यांसाठीं जग रचलें, असें म्हटलें तरी चालेल. त्यांनीं आपल्या देवयोनीसदृश लोकांकरितां जी लिपि योजिली, तिचीं चोवीस मुख्य अक्षरें चार वर्ग व सहा श्रेणी अशा कोष्टकांत बसविलीं आहेत. पहिल्या श्रेणींत अघोष, दुसरींत घोष, पांचवींत अनुनासिक. आणि घोष अक्षर अघोषाच्याच आकृतीस एक वळसा वाढवून सिद्ध होतें. आपल्या वर्णमालेची स्थानप्रयत्नांवर आधारलेली मांडणी ज्यानें शिक्षेच्या ग्रंथांतून पाठ केली आहे, त्यास हें कोष्टक समजावून सांगावें लागणार नाहीं. नांवांविषयींही असाच कडक नियम आहे. मूळ लोकभाषेच्या जागीं आधुनिक इंग्रजी घातली आहे, म्हणून तिच्याशीं जुन्या नात्याची असलेली रोहन देशाची भाषा जुन्या इंग्रजीनें दर्शविली आहे. सॅमवाइज हें नांवसुद्धां भाषांतरित असून मूळ नांव बनाझीर होतें, असें परिशिष्ट सांगतें.

या नियमास टोल्किन स्वतःच एकदां चुकले. कथेंत भूमिगत नगरींत एक अर्धवट जळालेली, रक्तानें माखलेली वही सांपडते. तिचीं तीन पानें टोल्किननीं स्वहस्तें तयार केलीं. कागद जाळला, फाडला, शिवणीचीं भोंकेंही पाडलीं. खर्चामुळें तीं कादंबरींत छापतां आलीं नाहींत. एका चित्रसंग्रहांत तीं १९७९ त आलीं. परंतु पुढें त्यांनींच एका टिपणांत आक्षेप घेतला कीं, या पानांवर कल्पित लिपींत लिहिलेली भाषा इंग्रजी आहे. इंग्रजी हें केवळ भाषांतराचें माध्यम; मूळ वहींत ती असणें शक्य नाहीं. सबब हीं पानें मूळाच्या प्रतिकृति ठरत नाहींत. आपणच केलेला लेख आपणच बनावट ठरविणारा असा परीक्षक दुर्मिळ होय.

टोल्किन यांच्या खऱ्या कागदांचें पुढें जें झालें, तेंही नोंदण्यासारखें आहे. कादंबरीचीं हस्तलिखितें अमेरिकेंतील मार्केट विद्यापीठानें १९५७ त १५०० पौंडांस विकत घेतलीं. इतर पुष्कळसे कागद ऑक्सफर्डच्या बॉडलियन ग्रंथालयांत आहेत. पुत्र ख्रिस्तोफर (१९२४–२०२०) यांनीं १९८३ पासून १९९६ पर्यंत बारा खंडांत या मसुद्यांचें संपादन केलें. पेन्सिलीनें लिहिलेल्या मसुद्यावरच शाईनें दुसरा मसुदा लिहिलेला. युद्धकाळीं कागद दुर्मिळ, म्हणून विद्यार्थ्यांच्या उत्तरपत्रिकांच्या कोऱ्या बाजूंवर लेखन. ऑगस्ट १९४० च्या परीक्षेचे कागद वापरलेले दिसतांच तो मसुदा त्या तारखेपूर्वींचा नव्हे असें संपादकानें ठरविलें. पाठकोऱ्या कागदावरून मागच्या मजकुराचा काल बांधण्याची ही रीत आपल्या नित्याच्या वहिवाटींतील आहे.

आतां मुख्य मुद्याकडे येतों. हेंच कौशल्य कबुलीवांचून वापरलें तर काय होतें, याचें उदाहरण काशींत घडलें. फ्रान्सिस विल्फर्ड या अधिकाऱ्यास पुराणांत मिसर देश व नील नदी यांचें वर्णन शोधावयाचें होतें. त्याच्या पदरच्या पंडितानें पोथ्यांतील नांवें खोडून हवीं तीं घातलीं, कित्येक पानें काढून त्या जागीं स्वतः रचलेलीं पानें बसविलीं. त्या आधारावर विल्फर्डचा विस्तृत निबंध 'एशियाटिक रिसर्चेस'च्या तिसऱ्या खंडांत प्रसिद्ध झाला. पुढें पोथ्या ताडून पाहतां लबाडी उघडकीस आली, आणि १८०५ च्या आठव्या खंडांत विल्फर्डनें ती जाहीर केली. त्या पंडितानें रचलेलाही एक देशच होता. त्याच्यांत आणि टोल्किन यांच्यांत कारागिरीचें अंतर असेल; परंतु खरें अंतर कबुलीचें आहे. एकानें आपली सृष्टि कादंबरी म्हणून विकली; दुसऱ्यानें ती पुराण म्हणून खपविली.

यावरून आम्हांस जें सांगावयाचें आहे तें हें. कागदाची परीक्षा करतांना तिथि-वार जुळतात काय, नांवें त्या काळचीं आहेत काय, भाषा व लिपि एकमेकांस धरून आहेत काय, हें आपण पाहतों, आणि सर्व जुळलें म्हणजे कागद अस्सल ठरवितों. या कसोट्या आवश्यक आहेत. न जुळणारा कागद त्यांनीं बाद होतो. परंतु जुळणारा कागद त्यांनीं सिद्ध होत नाहीं. तांबडें पुस्तक बहुतेक कसोट्यांस उतरतें, आणि असें पुस्तक कधींच नव्हतें. त्यांतील शकावली, वंशावळ, पंचांग आणि पाठभेद एकमेकांस साक्ष देतात. पण हे सर्व साक्षी एकाच हातचे आहेत. एका हातचे शंभर साक्षी मिळून एकच साक्षी होतो. उलट जानेवारी १६६४ ची सुरतेची लूट सभासदाच्या बखरींत आहे, इंग्रज वखारीच्या पत्रांत आहे व डच वखारीच्या पत्रांतही आहे. त्यांच्या तपशिलांत फरक आहेत, हेतु निरनिराळे आहेत, आणि म्हणूनच घटना निश्चित आहे.

स्वतंत्र साक्षी कागदाच्या पोटांत नसतो, तो बाहेर असतो. अमुक कागद कोणाच्या घरीं, कोणत्या रुमालांत, कोणत्या कागदांच्या शेजारीं मिळाला, ही माहिती त्या साक्षीचा पहिला धागा होय. सुंदर अक्षराचें किंवा मोठ्या शिक्क्याचें एकच पत्र निवडून घेऊन बाकीचा रुमाल विस्कळित होऊं देणारा संग्राहक हा धागा स्वतःच्या हातानें तोडतो; मागाहून त्या पत्राबद्दल शंका निघाली तर तिचें निरसन करण्यास त्याच्यापाशीं पत्राच्या अंतर्गत सुसंगतीखेरीज कांहीं उरत नाहीं, आणि ती किती सहज निर्माण करतां येते हें वर दाखविलेंच आहे. याकरितां संग्राहकांस आमची विनंति अशी कीं, कागद हातीं येतांच वाचनाच्याही आधीं त्याचें ठिकाण, बांधणी, क्रम व सोबतचे क्षुल्लक वाटणारे हिशेबाचे बंद यांची नोंद करून ठेवावी, आणि रुमाल शक्य तों जसा मिळाला तसाच राखावा.